बाबांचे ३० शेक (रेडिएशन), घर मुलचेरा तालुक्यात. नागपूरला खोली करावी का?

रोवणीवाला (जि. गडचिरोली)

नमस्कार जी. इथं पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६६ वर्षांचे. साडेचार एकर धान आहे. पोळा झाल्यावर आठव्या दिवशी नागपूरला मेंदूचं ऑपरेशन झालं. गाठ उजव्या बाजूला होती. बरीचशी काढली, पण हात हलवणाऱ्या भागाला चिकटलेली तेवढी ठेवली असं डॉक्टर म्हणाले. काढलेल्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट यायला अठरा दिवस लागले. ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा कॅन्सर.

सुरुवात रोवणीत झाली. बाबा पऱ्ह्याची (धानाच्या रोपांची) पेंढी डाव्या हातात धरतात आणि उजव्यानं रोवत जातात. यंदा पेंढी हातातून सुटे. उचलली की पुन्हा सुटे. आई हसली, म्हणे आता म्हातारे झाले तुम्ही. मग एक दिवस बांधीवरून घरी आले तर डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहून गेलेली. एका पायानं अनवाणी अंगणापर्यंत चालत आले आणि त्यांना पत्ताच नाही. तिथं मला खटकायला पाहिजे होतं.

तोंड थोडं वाकडं झालं तेव्हा गावात सगळे म्हणाले लकवा. लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं, अकरा दिवस तेच चाललं. मीच नेलं, दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही. मग एका रात्री फेफरं आलं. त्या रात्री दिना नदीच्या पुलावरून पाणी होतं, गाडी निघाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन, तिथून एमआरआयला चंद्रपूर, तिथून नागपूर. पेंढी सुटली त्या दिवसापासून टेबलावर घेईपर्यंत दोन महिने गेले.

आता प्रश्न. शेकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोमवार ते शुक्रवार, ३० शेक, सोबत रोज टेमोझोलोमाइड ही कॅन्सरची गोळी. मी विचारलं, रोज म्हणजे? ते म्हणाले, रोज म्हणजे रोज. मशीनवर किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं. आमच्या गावाहून नागपूर म्हणजे दोन बस आणि सहा तास, तेही बस चुकली नाही तर. आम्ही कुठून येतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही तेव्हा सांगायचं सुचलं नाही.

ऑपरेशन जनआरोग्य योजनेत झालं, शेकही बसतो म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. २०१२ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. कार्ड आमच्याकडे पहिल्या तुकडीत आलं, शेकाच्या मशीनसाठी मात्र आम्हाला नागपूर. आणि खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, ऑटो हे कुठल्याच कार्डात नाही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर फुकट आहे, आमच्या जिल्ह्यात रेल्वे फक्त वडसाला! एसटीत आईचं तिकीट अर्धं, बाबांचं वयामुळे अर्धं, पूर्ण तिकिटाचा मी एकटा.

हलकं धान दिवाळीच्या तोंडावर कापणीला येईल. मी नागपूरला बसलो तर कापणी कोण पाहील, आणि मी गावी राहिलो तर बाबांना आई एकटी कशी नेईल? ती आजवर चामोर्शीच्या पुढे एकटी गेलेली नाही.

सहा आठवडे खोली करावी, की सेवाग्राम बरं पडेल? मुंबईला न्यावं का? आणि खरं सांगा, इतकं करून किती मिळतं? डॉक्टरांना हे विचारायला तोंड उघडत नाही.

प्रवासी_७२ (पुणे)

वेळ घालवू नका, सरळ मुंबईला टाटाला घेऊन जा. अशा केसेस नागपुरात करायच्या नसतात.

निवृत्त सिस्टर (ब्रह्मपुरी)

भाऊ, मी नागपुरात मेंदूच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता गावी आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगते ते घेऊन तुमच्या डॉक्टरांपुढे बसा.

आधी मुंबईचं. पुणेकर भाऊंचा हेतू चांगला आहे, पण या आजाराला ठरलेला शेक आणि ठरलेली गोळी मुंबईत निराळी मिळत नाही. ऑपरेशन झालेलं आहे. आता सहा आठवडे परक्या शहरात राहायचंच तर आठशे किलोमीटर कशाला? दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, आपल्याच अमरावतीकडचे बाबा, तिथं किती वऱ्हाडी माणसं महिने काढतात ते मी पाहिलं आहे. ती सोय ज्यांना तिथलंच ऑपरेशन किंवा तिथलीच तपासणी हवी त्यांच्यासाठी राहू द्या. मत हवं असेल तर कागद पाठवा, माणूस नको. नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशातल्या कॅन्सर दवाखान्यांचं जाळं) जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिथं रिपोर्ट चढवून तज्ज्ञांचं मत घेता येतं. त्यासाठी दोन गोष्टी आजच ताब्यात घ्या. एमआरआयची सीडी, नुसती फिल्म नाही. फिल्म म्हणजे लग्नाचा एक फोटो, सीडी म्हणजे पूर्ण लग्न. आणि तुकड्याचा मेणाचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये ठेवला आहे ते लिहून घ्या. आयडीएच, एमजीएमटी अशा गाठीच्या जनुकांच्या तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात. एमजीएमटी विचाराच, कारण गोळीचा फायदा किती होईल याचा अंदाज त्यावरून येतो आणि वय जास्त असलं की त्याला जास्त महत्त्व असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ३० शेक. तुमच्या बाबांचं वय ६६ आहे. साठीच्या पुढच्या रुग्णांत ३० ऐवजी १५ शेक, म्हणजे तीन आठवडे, देऊन पाहिल्याचा अभ्यास २००४ मध्ये आला. आयुष्यात फरक दिसला नाही. २०१७ मध्ये ६५ च्या पुढच्या रुग्णांत तेच १५ शेक गोळीसोबत दिले, तर नुसत्या शेकापेक्षा बरं निघालं. याचा अर्थ असा नाही की तुम्ही जाऊन १५ मागायचे. तब्येत धडधाकट असेल तर ६६ ला बरेच डॉक्टर ३० च पसंत करतील आणि त्यालाही कारण आहे. पण विचारा. "साहेब, आम्ही सहा तासांवरून येतो, बाबांना तीन आठवड्यांचा कोर्स चालेल का?" एवढं एक वाक्य. ओपीडीत शंभर माणसं असतात, कोण कुठून आला ते केस पेपरावर लिहिलेलं असतं, पण वाचायला वेळ कोणाला?

सेवाग्राम, सावंगी या दोन्ही ठिकाणी शेक होतो. तुम्हाला अंतर फार कमी होणार नाही, पण सेवाग्रामला राहायला स्वस्त पडतं आणि गर्दीत म्हातारा माणूस हरवत नाही. कुठेही गेलात तरी तोंडाचा साचा (शेक घेताना डोकं हलू नये म्हणून) बनवायचा दिवस आणि शेक सुरू व्हायचा दिवस यात काही दिवस जातात. ते दिवस खोलीत बसून घालवू नका, दोन्ही तारखा आधी घ्या आणि मधल्या काळात घरी जा. मात्र ऑपरेशनपासून चार ते सहा आठवड्यांत शेक सुरू झालेला बरा, कापणीसाठी पुढे ढकलू नका.

डेक्साची, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हळूहळू उतरवतात. त्यानं साखर वाढते, भूक वाढते, चेहरा सुजतो. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, उलटीची गोळी त्याआधी अर्धा तास, कॅप्सूल फोडायची नाही. फेफरं आलं की कुशीवर वळवा, तोंडात चमचा नाही, नाकाला चप्पल-कांदा नाही. मोबाइलवर वेळ बघा. तुमच्या गावी १०८ पोचेपर्यंत काय होईल हे तुम्हीच जाणता, म्हणून डॉक्टरांकडून फेफरं थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून घ्या आणि कधी, किती मारायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर तोच कामाचा.

किती मिळतं, हे विचारलंत म्हणून सांगते. २००५ च्या ज्या मोठ्या अभ्यासावर ही पद्धत उभी आहे त्यात नुसत्या शेकावर निम्मे रुग्ण साधारण १२ महिने जगले, गोळी जोडल्यावर साडेचौदा महिने. ती माणसं ७० च्या आतली होती. कोणी दोन-तीन वर्षं काढतं, कोणी सहा महिन्यांत जातं. तुम्ही ठरवताना हा आकडा जवळ ठेवा, बाबांना सांगायचा की नाही ते त्यांच्या स्वभावावर.

प्रवासी_७२ (पुणे)

माहिती नव्हती. सिस्टर, धन्यवाद.

सावलीची ताई (जि. चंद्रपूर)

भाऊ, माया मालकाले हाच रोग होता. वय ४१. मी शिकली नाई जास्त, पोरगी टाइप करून देऊन रायली.

आमी पयल्या आठवड्यात येनंजानं केलं. सकाळी चारले उठाचं, नागपूरच्या एसटीत बसाचं, शेक घ्याचा, रात्री घरी. सोमवार झाला, मंगळवार झाला, बुधवारी येतांनी गाडीतच झटका आला. कंडक्टर मानूस चांगला, गाडी बाजूले घेतली, लोकाईनं पानी देल्लं. पन मी पोरीले घरी एकटी ठेवून आली होती, अन् अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी खोली पायली. दहा बाय दहाची, सैपाक तिथंच, झोपाचं तिथंच. बाजूले गोंदियाकडचे एक काकाजी अन् काकू, तेबी शेकासाठीच आलेले. आमी दोघी मिळून भाजी आनत होतो, निम्मी-निम्मी.

एक कामाची गोष्ट सांगतो. मशीनवर जो पोरगा असते ना, टेक्निशन, त्याले गोड बोलून सांगा का सोमवारी आमचा नंबर दुपारनंतर लाव अन् शुक्रवारी सकाळीच. मंग शुक्रवारी दुपारची गाडी भेटते, दोन रात्री घरी झोपता येते. आमचं चवथ्या आठवड्यापासून तसं झालं. आधी मायीतच नव्हतं का विचारता येते.

खर्चाचं म्हनाल तं योजनेत शेक झाला. गोळीचं मात्र आरोग्यमित्राले (दवाखान्यातला योजनेचा मानूस) दोनदा विचारा. आमी पयला महिना बाहेरून घेतली, मंग समजलं का भरती दाखवून भेटत होती. धर्मादाय दवाखाना असला तं १० टक्के खाटा गरिबाईसाठी फुकट असतेत, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवाच. आमचा दाखला निंघाले बारा दिवस लागले, कायचं सर्व्हर बंद होतं म्हने.

अन् एक सांगतो, कोनी सांगत नाई म्हनून. माये मालक शेकानंतर वर्षभर चांगले होते. कापूस वेचला, पोरीच्या शाळेत गेले. मंग पुन्हा झालं. शेवटच्या महिन्यात बोलनं बंद, उठनं बंद, अन् आमी एमआरआयसाठी त्याईले गाडी करून नागपूरले नेलं. रस्ताभर कन्हत होते. एमआरआय पायून डॉक्टर म्हनाले, आता काई करता येत नाई, घरी ठेवा. ते मले सावलीतच सांगतलं असतं तं? फोनवर सांगतलं असतं तं? ती गाडी मले अजूनबी आठवते. तुमी आधीच विचारून ठेवा का कोन्या वक्ताले आनाचं अन् कोन्या वक्ताले नाई.

मास्तर (भामरागड)

ताई म्हणाल्या ते लाखातलं एक. मी थोडंसंच जोडतो.

माझ्या सासऱ्यांची गाठ निराळी होती, कमी ग्रेडची, पण फेफऱ्याची गोळी कायमची. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे टीव्हीवर तुम्ही दरवर्षी पाहता. एका पावसाळ्यात चार दिवस रस्ता बंद होता आणि लेव्हेटिरासिटाम दोन दिवसांचीच उरली होती. दोन दिवस अर्धी-अर्धी दिली, तिसऱ्या दिवशी दोनदा झटका आला. अर्धी देणं हीच चूक होती हे नंतर कळलं. तेव्हापासून एका महिन्याची गोळी नेहमी जास्तीची, पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यावर संपायची तारीख खडूनं.

सिरोंच्याकडचे लोक गोदावरी ओलांडून वरंगल, हैदराबादला जातात. त्यांना तेच सोयीचं आहे, नागपूर त्यांना परदेश. पण तिकडे जायचं असेल तर कोणतं कार्ड चालतं ते निघायच्या आधी विचारावं. आमच्या ओळखीतले एक कुटुंब तिथं पोचल्यावर कळून रोख भरून आलं.

शेक संपल्यावर गोळीचे महिने सुरू होतात, २८ दिवसांत पाच दिवस. त्यातली रक्ततपासणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवता येतो का, ते शेवटच्या शेकाच्या दिवशीच ठरवून घ्या आणि केस पेपरवर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं पुढच्या खेपेला दुसरा डॉक्टर मानत नाही.

निवृत्त सिस्टर (ब्रह्मपुरी)

मास्तरांना अनुमोदन. आणि शेकानंतरचा पहिला एमआरआय वाईट दिसू शकतो. शेकाची सूज गाठीसारखीच दिसते. त्या एका फोटोवर घरात रडारड नको, डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढायला सांगतील. ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

रोवणीवाला (जि. गडचिरोली)

सगळ्यांचे आभार जी. कळवायला उशीर झाला.

सिस्टरांचं वाक्य कागदावर लिहूनच नेलं होतं. डॉक्टरांनी ऐकून पेन खाली ठेवला आणि विचारलं, सहा तास? कुठून? मग त्यांनी बाबांना उभं केलं, चालवलं, डावा हात दाबायला लावला. हाताची ताकद बरीच कमी आहे. मोठ्या डॉक्टरांशी बोलून आले आणि म्हणाले, १५ करू, गोळीसकट. एमजीएमटीचा रिपोर्ट यायचा आहे. ब्लॉक आमच्या नावानं शोधायलाच अर्धा दिवस गेला, पण सापडला.

आज पाचवा झाला. साचा बनवताना ती जाळी गरम पाण्यातून काढून तोंडावर दाबतात आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, ढिवरानं मला जाळ्यात धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा असं काही बोलले. पहिल्या दिवशी साच्याचे बोल्ट टेबलाला लावले तेव्हा घाबरले होते, आता तिथंच डुलकी लागते म्हणतात.

खोली केली. ताई म्हणतात तशीच, दहा बाय दहा. आई आणि मी दोघंही आहोत. हलकं धान शेजारच्यांनी कापलं, कडपा पडल्या आहेत, पुंजणे (ढीग) घालायचे आहेत, चुरणा (मळणी) मी आल्यावर. मजुरी उधार. बाबा सकाळी चारला उठतात आणि आकाश पाहायला खिडकी शोधतात, ढग आले का. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते.

मशीनवरच्या भाऊंशी बोललो. या शुक्रवारी सकाळचा नंबर मिळाला, तर शनिवार-रविवार गावी नेतो. सिस्टर, बसमध्ये पुढची सीट बरी की मधली?

निवृत्त सिस्टर (ब्रह्मपुरी)

मधली, चाकावरची नको. डाव्या रांगेत बाबांना खिडकीशी बसवा, म्हणजे कमजोर बाजू भिंतीला राहील आणि उजवीकडे तुम्ही. स्प्रे वरच्या खिशात, पिशवीत नको.